गोल्फ स्टोरी: लेव्हल वाढली, मग मान का वाढत नाही?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अधूनमधून येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत. बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

आज आपण गोल्फवर बोलणार आहोत. थांबा, लगेच बंद करू नका. मला माहितीये, तुमच्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव जणांनी आयुष्यात गोल्फची स्टिक हातात धरलेली नाही.

आपल्याकडे गोल्फची अवस्था काय आहे बघा. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगितलं, तर तो तुम्हाला एका मैदानावर नेऊन सोडतो. तिथे सकाळी लोक फेऱ्या मारतात, आणि तिथे रणजीचे सामने झालेत. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. लोकांच्या तोंडी नाव राहिलं गोल्फचं आणि खेळ चालतो क्रिकेटचा. बाकी शहरांत गोल्फ म्हणजे एक लांबलचक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे दिसणारी झाडं. आत काय चालतं, ते भिंतीबाहेरच्या माणसाला बहुतेक माहीत नसतं.

तरीही मी आज ज्या गेमबद्दल बोलणार आहे तो गोल्फचा आहे. नाव 'गोल्फ स्टोरी'. 2017 साली निन्टेंडो स्विचवर आला. ऑस्ट्रेलियातल्या साइडबार गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवला. दिसायला एकदम जुना, ठोकळ्या-ठोकळ्यांचा, नव्वदच्या दशकातल्या गेमसारखा. आणि आतून तो रोल-प्लेइंग गेम आहे, ज्याला आपण आरपीजी म्हणतो. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची कामं करायची, अनुभवाचे गुण मिळवायचे, लेव्हल वाढवायची. फक्त राक्षस मारण्याच्या जागी गोल्फ खेळायचा.

ऐकायला हे विनोदी वाटतं, आणि गेम आहेही विनोदी. पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, जो मला गोल्फशी काही देणंघेणं नसलेल्या माणसालाही विचारावासा वाटतो. तुम्ही मेहनत घेतली, तुमचं कौशल्य खरंच वाढलं, आकड्यांत दिसतंय की वाढलंय. तरी आजूबाजूचे लोक तुमच्याकडे कालच्याच नजरेने बघतात. मग काय करायचं? तिथपर्यंत जाऊ. आधी थोडा इतिहास, कारण तो कळला की गेमची अर्धी गंमत कळते.

तीन वेळा दाबायचं बटण

आधी एक शब्द ठरवून घेऊ. आपण जिला स्टिक म्हणतो, तिला गोल्फवाले 'क्लब' म्हणतात. आणि जिथे खेळतात तोही क्लबच. गोंधळ नको म्हणून मी आज मारायच्या वस्तूला स्टिकच म्हणणार आहे.

1984 साली निन्टेंडोने 'गोल्फ' नावाचा गेम काढला. साधं नाव, साधा गेम. तो प्रोग्रॅम करणारा माणूस होता सातोरू इवाता. तेव्हा ते एचएएल लॅबोरेटरी या कंपनीत प्रोग्रॅमर होते, पुढे 2002 साली निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. अठरा होल्सची सगळी माहिती त्या काळच्या कार्ट्रिजच्या एवढ्याशा जागेत बसवणं हीच मोठी कसरत होती. पण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते फटका मारण्याचं तंत्र.

ते असं: बटण एकदा दाबलं की एका पट्टीवर खूण सरकायला लागते. दुसऱ्यांदा दाबलं की ताकद ठरते. मग खूण परत यायला लागते, आणि ती ठरलेल्या रेषेवर आली की तिसऱ्यांदा दाबायचं. तिथे अचूकता ठरते. थोडं आधी दाबलं तर चेंडू एका बाजूला जातो, थोडं उशिरा दाबलं तर दुसऱ्या. बस. सुरुवात, ताकद, अचूकता. पुढची चाळीस वर्षं व्हिडिओ गेममधला गोल्फ बहुतेक याच तीन ठोक्यांवर चालला आहे. 'गोल्फ स्टोरी'तही हेच तंत्र आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे नकली व्हिडिओ गेम मिळायचे, त्यांच्यासोबत ती पिवळी कार्ट्रिज यायची. आठवतात? वर लिहिलेलं असायचं नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम, आणि आत खरे निघायचे वीस-पंचवीस. त्यातल्या काही कार्ट्रिजांमध्ये हा 'गोल्फ'ही असायचा. पण 'काँट्रा' आणि 'मारिओ' सोडून गोल्फ कोण खेळणार? तीन वेळा बटण दाबायचं असतं, हे सांगणारंही कोणी नव्हतं. पोरं एकदा उघडायची, काही समजायचं नाही, रिसेट मारायची. भिंतीपलीकडचा गोल्फ आपल्या घरातल्या टीव्हीत येऊन गेला, आणि आपण त्याला ओळखलंच नाही.

गोल्फ आणि आरपीजी यांचं जमतं कसं

आता एक गोष्ट लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्या अंगावर येतो. टेनिसमध्ये येतो. फुटबॉलमध्ये समोरचा तुमच्या पायातून काढून घेतो. गोल्फमध्ये चेंडू पडून राहतो. तो तुमची वाट बघतो. तुम्ही वाऱ्याची दिशा बघा, उतार बघा, मध्ये झाड आहे का, वाळूचा खड्डा आहे का, बघा. पिशवीतली कोणती स्टिक काढायची, ते ठरवा. मग मारा. मग चालत जा, आणि पुन्हा विचार करा.

जुने आरपीजी खेळलेल्यांनी हे लगेच ओळखलं असेल. आळीपाळीने चाल करायची लढाई अशीच असते. शत्रू समोर उभा असतो, तुम्ही कितीही वेळ विचार करू शकता, हत्यार निवडायचं, मग घाव. गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा स्टिक चालतात, म्हणजे चौदा हत्यारं झाली. वारा, वाळू, पाणी, लांब गवत हे शत्रू. आणि 'पार' म्हणजे एका होलसाठी ठरवून दिलेले फटके. तेवढ्यात किंवा त्याहून कमी फटक्यांत चेंडू आत गेला, तर तुम्ही जिंकलात.

हे साम्य एका जपानी स्टुडिओच्या लक्षात आलं, कॅमेलॉटच्या. हे लोक मुळात आरपीजीवालेच. सेगासाठी 'शायनिंग फोर्स'सारखे चालींचे गेम करून आलेले. 1997 साली त्यांनी प्लेस्टेशनसाठी 'एव्हरीबडीज गोल्फ' केला. आणि 1999 साली निन्टेंडोसाठी 'मारिओ गोल्फ', एक मोठ्या निन्टेंडो 64 यंत्रासाठी आणि एक हातात मावणाऱ्या गेम बॉय कलरसाठी. मोठ्या यंत्रावरचा नुसता गोल्फ होता. छोट्या यंत्रावरच्यात त्यांनी चक्क आरपीजी घातला.

त्यात नाव मारिओचं, पण तुम्ही मारिओ नसता. एक साधा नवशिका खेळाडू असता. क्लबच्या आवारात फिरता, लोकांशी बोलता, सराव करता, स्पर्धा खेळता. चार क्लब, प्रत्येक क्लबचा एक चॅम्पियन. एकेकाला हरवत जायचं, आणि शेवटी मारिओशी गाठ. खेळलात की अनुभवाचे गुण, गुण साठले की लेव्हल, आणि लेव्हल वाढली की काय सुधारायचं ते तुम्ही ठरवायचं. आणखी एक भारी गोष्ट: ट्रान्सफर पॅक नावाच्या जोडणीने तुम्ही घडवलेला खेळाडू मोठ्या यंत्रावरच्या मारिओ गोल्फमध्ये नेता यायचा. छोट्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी वाढवलेलं पोरगं मोठ्या पडद्यावर त्रिमितीत उभं राहायचं! 2004 साली गेम बॉय अॅडव्हान्सवर याचाच पुढचा अवतार आला, 'मारिओ गोल्फ: अॅडव्हान्स टूर'. मग मात्र हा प्रकार बराचसा थंडावला. मारिओचा गोल्फ येत राहिला, पण ती गावात फिरण्याची, हळूहळू मोठं होण्याची मजा मागे पडली.

'गोल्फ स्टोरी' म्हणजे त्या गेम बॉयवरच्या गोल्फची आठवण जपून ठेवलेल्या लोकांनी तेरा वर्षांनी दिलेलं उत्तर आहे, असं मला वाटतं.

ताकद वाढवली की काय होतं

लेव्हल वाढली की गुण कुठे टाकायचे, हा प्रश्न गोल्फमध्ये फार मजेदार होतो. साध्या आरपीजीत तुम्ही ताकद वाढवली की घाव मोठा बसतो. त्यात तोटा काही नाही. गोल्फमध्ये तसं नसतं. का, ते जरा आकड्यांत सांगतो.

समजा, तुमचा सगळ्यात लांब फटका दोनशे यार्डांचा आहे. तिसऱ्या ठोक्याला तुमचं बटण किंचित चुकलं आणि चेंडू सरळ रेषेपासून दहा अंशांनी वाकडा गेला. दोनशे यार्डांवर तो रेषेपासून साधारण पस्तीस यार्ड बाजूला पडतो. आता तुम्ही गुण टाकून फटका तीनशे यार्डांचा केलात. हाताची चूक तेवढीच, दहा अंशांचीच. पण चेंडू आता बावन्न यार्ड बाजूला पडणार. आधी कडेच्या गवतात पडायचा, आता थेट झाडीत.

दुसरी गोष्ट. पट्टी तेवढीच आहे. तिचे शंभर भाग केले, तर आधी एक भाग म्हणजे दोन यार्ड होते, आता एक भाग म्हणजे तीन यार्ड. म्हणजे बटण दाबायची वेळ तेवढीच चुकली, तरी अंतर जास्त चुकणार.

'गोल्फ स्टोरी'त लेव्हल वाढली की मिळालेले गुण ताकद, फटक्याची शुद्धता, चेंडूला द्यायची फिरकी, अशा वेगवेगळ्या गोष्टींत वाटायचे असतात. नवा खेळाडू काय करतो? सगळं ताकदीत टाकतो. चेंडू लांब उडाला की बरं वाटतं ना! आणि मग त्याच्या लक्षात येतं की होलच्या जवळ पोचल्यावर, जिथे हळुवार हात लागतो, तिथे आपण कच्चे आहोत. गोल्फमधल्या लोकांना हे ठाऊकच असतं. लांब फटका बघणाऱ्यांना आवडतो, पण धावफलकावर दोनशे यार्डांचा फटकाही एक, आणि दोन फुटांवरून ढकललेला चेंडूही एकच.

हे आकडे मी उगाच सांगत नाहीये. गेमचं कथानक याच्याशी जोडलेलं आहे.

नाव नसलेला माणूस

कथानक थोडक्यात सांगतो, शेवट सांगणार नाही.

नायकाला नाव नाही. लहानपणी वडिलांनी त्याला वेलवॉर्न ग्रोव्ह नावाच्या गोल्फ कोर्सवर खेळायला शिकवलं. मग वीस वर्षं गेली. आता तो मोठा माणूस आहे, संसार डळमळीत आहे, आणि एक दिवस तो ठरवतो की पुन्हा गोल्फ खेळायचा, व्यावसायिक खेळाडू व्हायचं. त्यासाठी जे काही आहे ते मागे टाकून तो त्याच वेलवॉर्न ग्रोव्हवर परत येतो.

तुम्हाला वाटेल, आता संगीत वाजेल, कोच खांद्यावर हात ठेवेल. तसं काही होत नाही. त्याला कोणीच गांभीर्याने घेत नाही. ज्याच्याकडून शिकायचं तो कोचही नाही. कोर्सची रया गेलीये. आणि लोक त्याला काय सांगतात? कामं. इथे चेंडू मारून दाखव. तिथे अमुक वस्तू शोधून दे. फ्रिस्बी फेकणारी मंडळी वेगळीच, त्यांचं गोल्फवाल्यांशी जमत नाही, तर तूही जरा फेकून बघ. एके ठिकाणी तर म्हातारे विरुद्ध तरुण पोरं असा रॅपचा सामना रंगतो. मी गंमत करत नाहीये, खरंच रंगतो.

असे आठ कोर्स. वेलवॉर्न ग्रोव्ह, लर्कर व्हॅली, बर्म्युडा आइल्स, चीकीबीक पीक, टायडी पार्क, ओक मॅनर, कोल्डविंड वेस्ट्स आणि ब्लू मून ड्यून्स. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बर्म्युडा आइल्सवर पाण्यातली कासवं आहेत, त्यांच्या पाठीवर चेंडू पडला तर उसळून पुढे जातो. चीकीबीकवर पक्षी तुमचा चेंडूच उचलून नेतात. कोल्डविंडवर बर्फ. खऱ्या गोल्फमध्ये वारा, उतार, गवताची उंची ही संकटं असतात. इथे त्यांत भर पडते, पण प्रत्येक वेळी तुम्हाला आधीचं ज्ञान नव्याने वापरायला लागतं.

आणि माझी सगळ्यात आवडती सोय: चेंडू तुम्ही जवळजवळ कुठेही टाकून मारू शकता. फक्त होलच्या सुरुवातीला नाही, रस्त्यात, दुकानासमोर, लोकांच्या घोळक्यात. समोरच्या माणसालाही मारू शकता! त्यामुळे फिरणं आणि खेळणं यांत भिंत राहत नाही. जुन्या आरपीजीत लढाई आली की पडदा बदलायचा, वेगळं जग सुरू व्हायचं. इथे तुम्ही ज्या जमिनीवर चालता, त्याच जमिनीवर मारता.

आकडे वाढतात, पण...

आता त्या प्रश्नाकडे येतो.

1999 च्या गेम बॉयवरच्या मारिओ गोल्फमध्ये जग सरळ होतं. लेव्हल वाढली, चॅम्पियनला हरवलं, पुढचं दार उघडलं. जिंकलास? ये, बस. कौशल्य आणि मान एकाच जिन्याने वर जातात. बहुतेक आरपीजी असेच असतात. म्हणूनच ते आपल्याला आवडतात, कारण बाहेरचं जग तसं नसतं.

'गोल्फ स्टोरी'त मात्र दोन जिने वेगळे आहेत. एक जिना आकड्यांचा. तो प्रामाणिक आहे. तुम्ही खेळलात की तो वाढतो, त्यात वशिला नाही. दुसरा जिना लोकांच्या नजरेचा. तो अजिबात प्रामाणिक नाही. तुम्ही अवघड फटका बिनचूक मारता, आणि समोरचा म्हणतो, ठीक आहे, आता तिकडचं ते काम कर. कौतुक वाट्याला येतं तेही अर्धवट, किंवा दुसऱ्याच्या पदरात पडतं.

गेम हे विनोदाने सांगतो. त्यात कोणाचाच आवाज नाही, सगळे संवाद लेखी आहेत. पण बोलण्याचे जे फुगे पडद्यावर येतात, ते माणसाप्रमाणे वागतात. कोणी ओरडला तर अक्षरं मोठी होतात, थरथरतात. कोणी पुटपुटला तर बारीक होतात. आपला नायक काही सांगायला जातो आणि समोरचा त्याच्या बोलण्यावर बोलतो, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. आवाज नसून इतकं ऐकू येणारे गेम थोडे आहेत.

हसू येतं, पण त्या हसण्यात काहीतरी टोचतं. तिशी-पस्तिशीनंतर काही नवं शिकायला घेतलेल्या कुणालाही हे ओळखीचं आहे. चाळिशीत तबला शिकायला जाणारा. पोरं मोठी झाल्यावर पदवी पूर्ण करायला बसलेली बाई. नोकरी बदलून नव्या क्षेत्रात शिरलेला माणूस, ज्याला त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा शिकवतो. यांना लोक काय म्हणतात? 'वा, छान, वेळ चांगला जातो.' वेळ चांगला जातो! त्यांना वेळ घालवायचा नसतो हो. त्यांना ती गोष्ट खरोखर यायला हवी असते.

लहान मुलाला नवशिकं असण्याची परवानगी असते. मोठ्या माणसाला ती कोणी देत नाही. त्याने एकतर आधीच तरबेज असावं, नाहीतर गुपचूप बसावं. हा गेम त्या परवानगीबद्दल आहे. आणि त्याचं उत्तर मला पटतं ते यासाठी, की तो नायकाला खोटा दिलासा देत नाही. 'तू मेहनत कर, जग तुला ओळखेल,' असं तो म्हणत नाही. जग ओळखेल किंवा नाही ओळखणार. तुला पुढचा होल खेळायचा आहे का? असेल तर वारा कुठून येतोय ते बघ.

मघाचे यार्डांचे आकडे आठवा. सगळे गुण ताकदीत टाकणारा खेळाडू तोच असतो, ज्याला लोकांनी बघावं असं वाटतं. लांब फटका बघायला लोक थांबतात. हळुवार ढकललेल्या चेंडूकडे कोणी बघत नाही. आणि होल पूर्ण होतो तो त्या न बघितलेल्या फटक्यानेच. गेम हे तोंडाने कुठे सांगत नाही. तुम्ही दोन-तीन स्पर्धा हरता, मग तुमचं तुम्हालाच कळतं, आणि पुढच्या लेव्हलला तुम्ही गुण दुसरीकडे टाकायला लागता.

जुनं रूप कशासाठी

आता काही जण विचारतील, 2017 साली इतकी चांगली यंत्रं असताना हा ठोकळ्यांचा अवतार कशाला? नुसती जुन्या आठवणींची विक्री आहे का?

थोडी आहे. पण त्यामागे एक खरं कारणही आहे. गोल्फचा होल वरून बघितला तर नकाशा असतो. हिरवळ, वाळू, पाणी, झाडं, आणि शेवटी झेंडा. जुन्या आरपीजीचं गावही वरूनच बघितलेला नकाशा असतं. दोन्ही एकाच प्रकारच्या चौकोनी तुकड्यांनी बांधता येतात. म्हणून तर चालता-चालता कुठेही चेंडू टाकून मारता येतो. खेळाडूच्या पाठीमागून दाखवणाऱ्या चकचकीत त्रिमितीत हे इतकं सहज जमलं नसतं. शिवाय छोट्या स्टुडिओला आठ वेगळी जगं आणि एवढी पात्रं उभी करायची, तर हेच परवडणार.

आणि ही मंडळी आपलं मूळ विसरलेली नाहीत. गेमच्या आतच आणखी एक छोटा गेम आहे, नाव 'गाल्फ'. इवातांच्या जुन्या गोल्फच्या धर्तीचा, आठ बिटांच्या रूपात. तो तुम्ही खरंच खेळू शकता.

यावरून एक योगायोग सांगतो. 'गोल्फ स्टोरी' आला 28 सप्टेंबर 2017 ला. त्याच महिन्यात स्विचची अंतर्गत प्रणाली तपासणाऱ्या लोकांना एक गोष्ट सापडली होती. यंत्राच्या आत 1984 चा तो मूळ 'गोल्फ' लपवून ठेवलेला होता. यंत्राच्या घड्याळात 11 जुलै ही तारीख असेल, आणि दोन्ही हातांतले कंट्रोलर इवाता आपल्या भाषणात जसे हात पुढे करायचे तसे पुढे केले, तर तो गेम उघडायचा. 11 जुलै 2015 हा इवातांच्या निधनाचा दिवस. पुढच्या एका अपडेटमध्ये तो काढून टाकला गेला. कोणाला दिसावा म्हणून तो ठेवलेला नव्हता, हे उघड आहे.

काय खटकतं

आता सगळं गोडच बोलायला नको.

एक, कामांची पुनरावृत्ती. 'इथे मार, मग तिथे मार, आता तीनदा मार' हा प्रकार मध्यानंतर कंटाळवाणा होतो. दोन, नायक मागे काय टाकून आला, त्याच्या घरच्या माणसांचं काय झालं, याकडे गेम फार वरवर बघतो. स्वप्नामागे जाणाऱ्याची बाजू तो नीट मांडतो, पण मागे राहिलेल्यांची बाजू त्याच्या विनोदात हरवते. एवढा जाणता गेम, तिथे आणखी थोडं थांबला असता तर बरं झालं असतं. तीन, संवाद भरपूर आणि सगळे इंग्रजीत. लहान मुलांना देणार असाल, तर शेजारी बसावं लागेल. ती अडचणही आहे आणि मजाही.

याचा पुढचा भाग 'स्पोर्ट्स स्टोरी'. तो 2020 साली येणार होता, आला डिसेंबर 2022 मध्ये. त्यात टेनिससह बरेच खेळ घातले, पण तो आला तेव्हा त्यात तांत्रिक दोष बरेच होते आणि लोक नाराज झाले. गंमत बघा, पहिल्या गेमने शिकवलं होतं की सगळे गुण ताकदीत टाकू नका. दुसऱ्या भागात पसारा वाढला, आणि हळुवार हात लागतो ती जागा कच्ची राहिली.

खेळायचा असेल तर

ज्यांच्याकडे स्विच आहे, त्यांच्यासाठी तीन साध्या सूचना. पहिली, गोल्फचे नियम आधी वाचत बसू नका. पार, बर्डी, बोगी हे सगळं पहिल्या दोन तासांत आपोआप कळतं. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, एक जास्त म्हणजे बोगी, एवढं पुरे. दुसरी, कुठेही चेंडू टाकून मारून बघा. नुसतं उत्सुकतेपोटी. या गेममध्ये अशा उनाडपणाचं बक्षीस मिळतं. तिसरी, घरात दुसरं कोणी असेल तर दोघांनी मिळून खेळायची सोय आहे, ती वापरा. गोल्फमध्ये कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. एकाची पाळी चालू असताना दुसरा चहा ठेवू शकतो.

ज्यांच्याकडे स्विच नाही, त्यांनी त्यासाठी यंत्र विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही. हा गेम अजून फक्त स्विचवरच आहे. पण मी जो प्रश्न मांडला, त्याला यंत्र लागत नाही. तुम्ही मोठेपणी काय शिकायला घेतलंत? लोकांनी 'वेळ चांगला जातो' म्हटलं का? आणि तुम्ही तरी पुढे शिकत राहिलात का? कळवा मला. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवेन, नाव नको असेल तर नावाशिवाय.

तोपर्यंत, मंडळी, तिसरा ठोका नीट धरा. भेटू पुढच्या भागात.